घडीचा चाकू घ्यायचाय? आधी पाहा, जाम झाला तर घरी सुटेल का

घडीचा चाकू विकत घेताना बहुतेक जण पहिल्यांदा पोलाद विचारतात, मग धार आणि मग किंमत. माझ्या मते पहिला प्रश्न सांध्याचा असायला हवा. पातं मुठीत जिथे फिरतं ती जागा कशी बांधली आहे, यावर तो चाकू दोन वर्षांनी तुमच्या खिशात असेल की ड्रॉवरच्या तळाशी, हे ठरतं. धार कुणालाही लावता येते, पण जाम सांधा प्रत्येक चाकूचा घरी सुटत नाही.

इंदूरसाठी हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक होते. जूनअखेर पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास येतो. त्यात माळव्याची काळी माती आणि बारीक धूळ. पातालपाणी, चोरल, जानापावला फिरायला जाणारे, बागेत कलमं बांधणारे किंवा ऑफिसच्या डब्यात पेरू चिरणारे असे सगळे सहसा तीन प्रकारांत अडकलेले दिसतात: फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल, स्वित्झर्लंडचा लाल व्हिक्टोरिनॉक्स, आणि स्क्रूने जोडलेला, पात्याला लॉक असलेला चिनी बनावटीचा चाकू. तिन्ही जाम होतात, पण तिघांची कारणं निराळी आणि उपायही निराळे.

तुलनेआधी जाम होण्याचं कारण ओळखायला शिका. दोन्ही हातांनी पातं अगदी सावकाश उघडा आणि बोटांना काय जाणवतं ते पाहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिकट ओढ लागत असेल, तर आत वाळलेलं तेल किंवा फळाचा रस आहे. करकर लागत असेल तर माती. एकाच जागी अडकून पुढे मोकळं होत असेल, तर तिथे धातूची बारीक कड राहिली आहे. स्वच्छ असूनही सगळीकडे सारखंच घट्ट असेल, तर रिव्हेट (म्हणजे दोन्ही टोकं ठोकून बसवलेली, न उघडणारी खीळ) किंवा स्क्रू जास्त आवळला आहे. आणि उन्हाळ्यात मोकळा, पावसाळ्यात घट्ट असेल तर लाकूड फुगलं आहे.

सर्वांत जास्त नुकसान घरच्या तेलांनी होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबरात ते सांध्यात घट्ट होऊन बसणार. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल काही महिन्यांत चिकट होतं. जवसाचं तेल तर वाळून कडक होणारंच तेल आहे. लाकडाला ते उत्तम, सांध्याला घातक. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. ते बिनवासाचं असतं, चिकट होत नाही आणि फळं चिरण्याच्या चाकूला चालतं. खाण्याशी संबंध नसलेल्या चाकूला शिलाई मशीनचं तेलही पुरे. आणि आंब्याचा रस सुकून सांधा बसला असेल, तर आधी तेल घालूच नका. साखर तेलात विरघळत नाही, गरम पाण्यात विरघळते. आधी पाणी, मग पूर्ण सुकवणं, मग एक थेंब तेल, हा क्रम पाळला तर आपल्याकडचे अर्धेअधिक जाम चाकू तिथेच सुटतील.

ओपिनेल

फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू केला आणि त्याची रचना आजही तितकीच साधी आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाला चीर, तिच्यात पातं, आरपार एक खीळ, बाहेरून धातूचं कडं. १९५५ मध्ये त्यावर फिरणारी रिंग आली. ती फिरवली की उघडं पातं पक्कं राहतं. सर्वांत खपाचा ८ नंबर, पातं साडेआठ सेंटिमीटर. हलका, हाताला ऊबदार, आणि फळ-भाजी चिरायला या तिघांत सर्वांत चांगला, कारण पातं पातळ आहे.

पण पात्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर वगैरे काही नाही, थेट लाकूड आहे. पाणी प्यायलं की लाकूड फुगतं आणि पात्याला दोन्हीकडून दाबतं. सावोयच्या लोकांची यावर जुनी युक्ती आहे. रिंग मोकळी करायची, बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं. पातं नखात धरण्याइतकं बाहेर येतं. रोज चालते, पण हा इलाज नाही.

खरा इलाज करताना घाई नको. कुणी सांगतं चिरेत पॉलिश पेपर घालून लाकूड घासा. घासलं की काम होतं, हे खरं. पण ऑगस्टमध्ये फुगलेलं लाकूड मोकळं होईपर्यंत घासलं, तर मेमध्ये तेच आकसून पातं खुळखुळेल, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की आधी चाकू आठवडाभर घरातल्या कोरड्या, सावलीच्या जागी उघडा ठेवा. ऊन नको, गॅसची आच तर मुळीच नको, मूठ तडकते. सुकल्यावरही घट्टच राहिला तर लाकडावर पात्याने घासून जिथे काळपट, चकचकीत डाग पडलाय, तेवढ्याच जागी ४०० नंबरचा पेपर घडी करून चार-सहा हात मारा आणि पुन्हा तपासा. मग चिरेत सांध्यापाशी मेणबत्तीचं मेण घासून हेअर ड्रायरची हवा द्या. मेण आत उतरतं, पाणी अडवतं आणि पातंही सरकतं राहतं. मुठीला बाहेरून जूनच्या आधी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशी चिंधी आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवा.

एका नगात आणि दुसऱ्यात फरक पडतो तो ओपिनेलमध्ये मुख्यतः लाकडामुळे. एकाच दुकानातले दोन ८ नंबर, एक सहज उघडतो, दुसरा नख मागतो. याला मी दोष मानत नाही, कारण सुधारणं हातात आहे. पोलाद घेताना मात्र पात्यावर ‘इनॉक्स’ असा छाप असलेला, म्हणजे न गंजणारा घ्या. कार्बन पोलादाला धार सुंदर चढते, पण कैरी आणि लिंबाने ते काळं पडतं. पावसाळ्यात सांध्याच्या आत गंज धरला, तर फुगलेल्या लाकडात आणखी एक अडचण वाढते.

व्हिक्टोरिनॉक्स

१८८४ मध्ये कार्ल एल्सेनर यांनी इबाख इथे कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. ९१ मिलिमीटरचे नेहमीचे मॉडेल पितळी रिव्हेटने बांधलेले असतात. पात्याची कठीणता रॉकवेल मापावर ५६, पाठीमागच्या स्प्रिंगची ४९. या आकारात पात्याला लॉक नसतं. पातं उघडं राहतं ते फक्त त्या स्प्रिंगच्या जोरावर, हे नीट लक्षात घ्या. नवा चाकू थोडा कडक वाटतो तो याच जोरामुळे, आणि ती कडक ओढच पातं बोटांवर मिटू देत नाही. ती ‘दुरुस्त’ करायची गोष्टच नाही.

कडकपणा मळामुळे असेल तर कंपनी सांगते तोच उपाय पुरतो. कोमट पाण्यात बुडवून सगळी पाती आणि अवजारं अनेकदा उघडमीट करायची, झटकून सुकवायचं, प्रत्येक सांध्याला तेलाचा थेंब द्यायचा. रिव्हेटच जास्त दाबला गेला असेल तर मात्र घरी करण्यासारखं फारसं काही नाही. आपल्या घरचा अडकित्ता सैल झाला की खिळीवर हातोडीचा ठोका देऊन आवळता येतो, पण जास्त आवळला गेला की सोडवता येत नाही. इथेही तसंच. तेल घालून पंधरवडाभर वापरून पाहायचं, किंवा वापरण्याआधीच बदलून घ्यायचा.

बदलायची वेळ क्वचित येते. दोन नग शेजारी ठेवले तर हाताला फरक कळणार नाही, इतका यांचा दर्जा एकसारखा आहे. नवख्या माणसाने, किंवा ज्याला सांधा खोलण्यात अजिबात रस नाही त्याने, दुसरं काही पाहू नये. फक्त अवजारांच्या मोहात पडू नका. जितके थर जास्त, तितक्या फटी जास्त आणि तितकी खिशातली धूळ जास्त. दोन थरांचं ‘स्पार्टन’ मॉडेल रोजच्या कामाला पुरतं. ज्यांची नखं कमजोर आहेत, विशेषतः वयस्कर मंडळी, त्यांना मात्र नखाच्या खाचेतून पातं ओढणं त्रासाचं जातं. त्यांच्यासाठी पुढचा प्रकार पाहा.

स्क्रूने जोडलेले चाकू

यांच्यात सर्वांत जास्त चांगलं आणि सर्वांत जास्त वाईट, दोन्ही मिळतं. पात्याला अंगठ्याची खुंटी किंवा भोक असतं, एका हाताने उघडतं, लॉक असतं. पोलाद डी२ किंवा ४४०सी यांसारखं. पण स्वस्त मॉडेलमध्ये एका नगाचं पातं बरोबर मध्ये बसतं, दुसऱ्याचं एका पट्टीला घासतं. एकाचं लॉक सहज सुटतं, दुसऱ्याचं चिकटतं. जमेची बाजू ही की यातल्या बऱ्याच खोडी पेचकसाने निघतात.

पेचकस मात्र योग्य हवा. यांना बहुधा टी ६ आणि टी ८ मापाचे टॉर्क्स बिट, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या तोंडाचे, लागतात. बिट लेचंपेचं असेल तर स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं आणि मग सगळंच अवघड होतं, म्हणून सियागंजच्या हार्डवेअर बाजारात दोन पैसे जास्त देऊन चांगला बिट घ्या. स्क्रू हलत नसेल तर त्यावर गोंद असतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा-एक मिनिट टेकवलं की तो मऊ पडतो. मुख्य स्क्रू एका वेळी आठवा हिस्सा फिरवायचा, जास्त नाही. पातं बाजूला हललं नाही पाहिजे आणि उघडताना अडलंही नाही पाहिजे. ही जागा सापडली की निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, टिपभर लावायचा. लाल नको, तो पुढे उघडू देत नाही. थ्रेडलॉकर वॉशरवर सांडला तर सांधाच चिकटतो, तेव्हा हात आवरता घ्या.

पातं घासत असेल तर मुठीचे स्क्रू थोडे सैल करून, पातं मिटवून, मध्ये आणून पुन्हा आवळायचे. लॉक चिकटत असेल तर ते जिथे पात्याला टेकतं तिथे शिसपेन्सिल घासायची. पातं बंद राहावं म्हणून लॉकच्या पट्टीत एक बारीक गोळी असते. ती जास्त जोराने धरते म्हणून काही जण पट्टी वाकवतात. तसं करू नका, तीच पट्टी तुमच्या बोटांचं रक्षण करते.

पातं बेअरिंगच्या बारीक गोळ्यांवर फिरणारं घ्यावं की ब्राँझच्या वॉशरवर, हा प्रश्न हमखास येतो. बेअरिंगवरचं पातं पहिल्या दिवसापासून पाण्यासारखं सरकतं, म्हणून दुकानात तेच आवडतं. पण चोरलच्या चिखलात एकदा पडला की गोळ्यांमधली माती काढायला पूर्ण खोलावा लागतो. ब्राँझचे वॉशर सुरुवातीला किंचित जड वाटतात, वापराने मऊ होत जातात आणि धूळ सोसतात. माळव्यासाठी मी वॉशरच सुचवेन.

कायद्याचंही पाहा. मध्यप्रदेशात १९७४ च्या अधिसूचनेप्रमाणे ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक जागी बाळगण्यावर निर्बंध आहेत, आणि स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूला तर पात्याची कुठलीही लांबी चालत नाही. बटण दाबून उघडणारा खटकेदार चाकू म्हणूनच घेऊ नका. अर्धवट उघडल्यावर आतली स्प्रिंग पुढे ढकलते असे मॉडेलही टाळा. सांधा मोकळा करायचा तो हाताने सहज उघडावा म्हणून. झटक्यासरशी पातं बाहेर पडेल इतका सैल कधीही करू नका, घरातल्या माणसांसाठीही ते धोक्याचं आहे.

मग कुठला? डब्यातलं फळ, घरचं चिरणं, सहलीतली काकडी-टोमॅटो यासाठी ओपिनेल इनॉक्स, आणि पावसाळ्यात त्याचे थोडे लाड करायची तयारी. काहीही न करता वर्षानुवर्षं चालावा अशी इच्छा असेल तर व्हिक्टोरिनॉक्स. नखं कमजोर असतील किंवा बागेत एक हात फांदीला गुंतलेला असेल, तर ब्राँझ वॉशरवाला स्क्रूचा चाकू, पण घरात पेचकस धरणारं कुणी असेल तरच.

तो मागवलात तर पार्सल उघडल्याबरोबर, काहीही कापण्याआधी आणि तेल घालण्याआधी तपासा, कारण वापरलेला चाकू परत घेत नाहीत. पातं उघडून लॉक लावा आणि पाठीवर तळहाताने हळूच दाब द्या, बोटं मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. लॉक जरा जरी सरकलं, तर पेचकसाला हात न लावता चाकू परत करा. धारेच्या दोन बाजू डोळ्याला दिसण्याइतक्या कमीजास्त घासलेल्या असतील तरीही परत. पातं जरा एका बाजूला झुकलंय, सांधा जड आहे, लॉक किंचित चिकटतंय, एवढंच असेल तर ठेवून घ्या, पण खोलण्याआधी वॉरंटीची अट वाचा. काही कंपन्या खोललेला चाकू वॉरंटीत धरत नाहीत.