इम्पॅक्ट गन आठ महिने वापरून: गन ठीक, पेटी भिकार

परवा इम्पॅक्ट गनची, म्हणजे जाम नट खोलायच्या बॅटरीवरच्या यंत्राची, पेटी उचलली आणि झाकण माझ्या हातात राहिलं. बाकीची पेटी गनसकट डाव्या पायाच्या अंगठ्यावर. कळवळत खाली बसलो आणि बघतो तर बिजागरीतली सळी गंजून तिचे दोन तुकडे झालेले. पेटी प्लास्टिकची, झाकण प्लास्टिकचं, कड्याही प्लास्टिकच्या, आणि बिजागरीतली ती दोनेक मिलिमीटरची सळी तेवढी साध्या लोखंडाची! गंजलेले नट खोलायला विकलेल्या वस्तूची पेटी एका पावसाळ्यात गंजून मोडते, याला काय म्हणायचं? अंगठा सुजला नसता तर हे लिहायला बसलोच नसतो.

गनचं नाव सांगत नाही, कारण पेटीवरून माझं त्या लोकांशी वाजलेलं आहे आणि अजून मिटलेलं नाही. सॉकेट बसतं ते चौकोनी टोक अर्धा इंची, मोटर ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली), २० व्होल्टवाली, दोन बॅटऱ्या आणि चार्जर मिळून ११,५००. ते २० व्होल्ट म्हणजे १८च बरं का. आत पाच सेल असतात, पूर्ण भरल्या भरल्या प्रत्येकाचे ४ व्होल्टच्या आसपास, म्हणून खोक्यावर २० छापतात. काम सुरू झालं की १८ वर येते. दोन गनांची तुलना करताना या वरच्या दोन व्होल्टसाठी कुणी पैसे मोजू नयेत.

गाडी जुनी जिप्सी. घर आंजर्ल्याच्या खाडीलगत. रात्री वारा फिरला की सकाळी काचेवर मिठाचा हात फिरलेला दिसतो. त्यात महिन्यातून दोनदा दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला जाणं, आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या पुळणीत रुतल्या की "काका, तुमची फोरबायफोर आहे ना" म्हणून दारात उभी राहणारी पोरं. खालच्या बोल्टांचं काय होत असेल ते ज्यांची गाडी किनाऱ्यावर राहते त्यांना सांगायला नको. घाटावरची माणसं ज्याला गंज म्हणतात तो आमच्याकडे नुसता रंग. आमच्याकडे पोपडे निघतात. मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसला तरी नट ओलाच. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, ती जागा आट्यांमध्ये नसते, म्हणून तो पाचर मारल्यासारखा बसतो.

कामं तीन होती. वाडीच्या रस्त्यावर जांभ्याचे दगड खाली लागतात म्हणून पोटाखाली लोखंडी गार्ड, मागे ओढायचा हूक, आणि बसलेले मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलून मूळ मापाचेच नवे. पुढे बुलबार, म्हणजे बंपरवरचा लोखंडी दांड्यांचा गार्ड, का नाही असं विचारू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना कळवलेलं आहे, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. शिवाय मला गाडी चिखलातून काढायची आहे, लग्नात मिरवायची नाही.

दापोलीतल्या एका गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "चार हजार मजुरी, आणि बोल्ट तुटला तर आमची जबाबदारी नाही." जबाबदारी आपलीच असेल तर बोल्टही आपणच तोडूया, चार हजार कशाला?

गन घेण्याआधी अर्थातच पाइप. आमच्या घरात पान्याला पाइप लावणं ही परंपरा आहे, वडिलांनी पंपाचे नट असेच काढले. बोअरिंगचा उरलेला एक मीटर पाइप, रिंगपाना, आणि टोकाला मी. माझं वजन ६८ किलो, म्हणजे एक मीटरवर साधारण ६६७ न्यूटन-मीटर (पिळायचा जोर यात मोजतात). गनच्या खोक्यावर ५५० लिहिलेलं आहे. हिशोब केला आणि स्वतःवर खूश झालो: फुकटचा पाइप ११,५००च्या गनपेक्षा भारी! मग गार्डच्या जागेवरच्या क्रॉसमेंबरच्या (चॅसीच्या आडव्या पट्टीच्या) पहिल्या बोल्टवर सगळा भार टाकला. बोल्ट "सुटला", मी पाइपसकट लादीवर. हातात डोकं, बाकीचा बोल्ट आत. दहा मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा छापलेला. असा बोल्ट कसायलाच ५० च्या आसपास न्यूटन-मीटर लागतात. त्याच्यावर मी माणूस बसवला, तो तुटेल नाही तर काय करेल?

इथे गनचं खरं महत्त्व आहे आणि ते आकड्यात नाही. पाइप एकसारखा पिळतो, त्यामुळे बोल्ट आधी पिळवटतो आणि मग तुटतो. गन पिळत नाही, ठोकते. आत एक हातोडी चौकोनी टोकाला फिरता फिरता बारीक बारीक दणके देते, मिनिटाला हजारोंनी. गंज कडक पण ठिसूळ असतो, तो या दणक्यांनी तडकतो. हाताला जवळजवळ काहीच झटका लागत नाही, हे पहिल्यांदा वापरताना खोटं वाटलं होतं.

पहिल्या महिन्यात मी गनचं कौतुक कुणाकुणाला सांगितलं असेल, देव जाणे. दुसरा बोल्ट निघाला, तिसरा निघाला. चौथा नुसता गरगर फिरला, कारण चॅसीच्या आत वेल्ड केलेला नटच सुटला होता. तिथे कुठलीही गन असो, ग्राइंडरने डोकं उडवायचं आणि पुढे जायचं. तुटलेल्या पहिल्या बोल्टात मी इझीआउट (तुटका बोल्ट आतून पकडून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालणार होतो. बरं झालं घातलं नाही. ते टणक असतं, आत मोडलं तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही आणि मग खरी रड. वेल्डरने वर आलेल्या बुडख्यावर एक मोठा नट ठेवला, मधलं भोक वेल्डने भरलं, लाल उतरू दिलं आणि पान्याने हाताने काढला. दोनशे रुपये. वेल्डिंगआधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, हे त्याने सांगितलं नाही, मी काढून ठेवली होती.

मग पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू आकाराचे बोल्ट, यू-बोल्ट, आले आणि कौतुक उतरलं. गन लावली. कडकड, कडकड. दहा सेकंद, वीस सेकंद, एक बॅटरी संपली. नट जागचा हलेना. ५५० म्हणे! त्या दिवशी मी ऑनलाइन पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो असतो, पण लाइट गेलेली होती आणि मोबाइलही चार्ज नव्हता.

हर्णै बंदरावर बोटींची इंजिनं करणारे एक मिस्त्री आहेत, वडिलांच्या वयाचे. ते दुसऱ्या कामाने घरी आले होते. चहा हातात धरून त्यांनी गाडीखाली डोकावलं.

"उलटा काय ओढतोस? आधी आवळ."

"आवळू? आणखी?"

"जरासा आवळला गेला की सुटलाच समज. आणि खालचे आटे घासलेस का?"

घासले नव्हते. ही चूक मी कबूल करतो आणि जो हे वाचतोय त्याने करू नये. यू-बोल्टची शेपटी नटाच्या खाली दोन-तीन बोटं बाहेर असते आणि तिच्यावर वर्षानुवर्षांचा गंज साचलेला असतो. नट सुटला तरी त्याला याच वाटेने खाली यायचंय. मी तारेचा ब्रश घेऊन ती शेपटी अर्धा तास घासली. आट्यांतून काळी पूड पडली आणि खाली चक्क लोखंड दिसलं.

तेलाबद्दल. मी आधी डब्ल्यूडी-४० मारत होतो आणि दहा मिनिटांनी गन लावत होतो. नावातच आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळीसावा प्रयोग, १९५३ सालचा. पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम. वाईट नाही, पण आमच्या बोल्टांना दहा मिनिटं म्हणजे थट्टा. आता मी ॲसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) समसमान घेऊन काचेच्या बाटलीत ठेवतो. दोन्ही एकजीव होत नाहीत, दरवेळी हलवायचं आणि ड्रॉपरने सोडायचं. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस, मधूनमधून हातोडीने टोले. स्प्रेच्या एका डब्याच्या पैशात वर्ष निघतं. मात्र ॲसिटोन लगेच पेटतं, रंगही खातं. तेल सोडलं त्या दिवशी ज्योत लावायची नाही, हा घरातला नियम आहे आणि तो बायकोने केलेला आहे.

तरी एक नट अडलाच. तिथे मिस्त्रींचा दुसरा उपाय: हातातली गॅसची टॉर्च आणि देवघरातली मेणबत्ती. नट तापवायचा, बोल्ट नाही. नट फुगतो, पण बारा मिलिमीटरच्या भोकाला ३०० अंश चढवले तरी फरक पडतो जेमतेम ०.०४ मिलिमीटरचा. तेवढाही पुरतो, कारण गंजाची पकड मोडते. लाली उतरली की मेणबत्तीचं टोक नटाच्या कडेला टेकवायचं. मेण वितळतं आणि आट्यांत ओढलं जातं, समोर दिसतं ते. लाल असताना टेकवलीत तर मेण भडकतं. शेजारी पाण्याची बादली, ब्रेकच्या पाइपावर ओलं गोणपाट, आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर हा उद्योगच नको, सरळ ग्राइंडर.

मग गन लावली. आधी आवळायच्या बाजूला एक टिचकी, मग उलट. दोन सेकंद ती कोरडी कडकड, आणि मग आवाज बदलला. कडकडीची घरघर झाली आणि नटाच्या कडेने तांबडं पाणी झिरपलं. आठही नट निघाले, एकही तुटला नाही. जुने यू-बोल्ट तरीही भंगारात, ते पुन्हा वापरायचे नसतात.

म्हणजे तो एका ताऱ्याचा विचार रद्द. गन वाईट नव्हती, मी तिच्याकडून तीन दिवसांचं काम वीस सेकंदांत मागत होतो.

आता पेटी. बॅटरी लावलेली असेल तर झाकण बसत नाही. सॉकेट लावलेलं असेल तर बसत नाही. म्हणजे दर वेळी बॅटरी काढा, सॉकेट काढा, गन त्या खाचेत तिरकी कोंबा. जूनमध्ये मी कंटाळून गन सॉकेटसकट पडवीत फळीवर ठेवू लागलो. पंधरा दिवसांनी सॉकेट गनच्या टोकावरच जाम! नट खोलायच्या गनवर चढलेलं सॉकेट काढायला मी एटीएफ-ॲसिटोन सोडत बसलो होतो. याचा दोष मी पेटीला देतो. बायको मला देते.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. मुलगा नम्र होता.

"सर, केस ॲक्सेसरीमध्ये येते, तिला वॉरंटी नाही. नवीन केस १,२५०, कुरिअर वेगळं."

"मला केस नको, बिजागरीची सळी द्या."

"सर, सळीचा पार्ट नंबर नाहीये."

मी फोटो पाठवले, तुटलेल्या सळीचे आणि सुजलेल्या अंगठ्याचे. चार मेल झाले. शेवटच्या मेलमध्ये त्यांनी मला "ओलावा टाळा" असं लिहिलं. कोकणात! जुलैमध्ये माझ्या कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, ओलावा टाळायला मी काय सांगलीला राहायला जाऊ?

सॉकेटबद्दल थोडक्यात: काळी इम्पॅक्टची आणि सहा कोनीच घ्या. गनवर चकचकीत क्रोमवालं सॉकेट तडकून तुकडा उडू शकतो, आणि बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतं. चष्मा लावा. गाडीखाली झोपून वर बघताना गंज थेट डोळ्यात येतो. जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, स्टँड लावा.

परत बसवताना प्रत्येक आट्याला कॉपर ग्रीस लावलं. ट्यूब महाग वाटली, पण एका ट्यूबमध्ये अख्खी गाडी झाली. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त कसतो, म्हणून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) आणि थोडं कमी. गनने कधीच नाही. स्टेनलेसचे बोल्ट घालायचा मोह झाला होता, पण स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला तर तो गंजाशिवायही चिकटतो, आणि मग मिस्त्रींची मेणबत्तीसुद्धा संपेल. सप्टेंबरअखेर एक यू-बोल्ट मुद्दाम सैल करून बघितला. साध्या पान्याने फिरला.

मग घ्यावी का? वर्षातून एकदा काम निघत असेल तर घेऊ नका, तारेचा ब्रश, मेणबत्ती आणि तीन दिवस घ्या. गाडी समुद्राजवळ राहत असेल आणि खाली शिरायची हौस असेल तर घ्या. बॅटरी पावसाळ्यात लाइट नसताना दोन आठवडे चार्ज धरून राहिली, हे तिच्या बाजूने लिहायला हवं. पाचपैकी साडेतीन. पेटी चांगली असती तर साडेचार.

सळीच्या जागी मी सायकलच्या चाकाची स्टेनलेसची तार कापून घातली आहे. सायकलवाल्याने पैसे घेतले नाहीत. झाकण आता जरा खरखरतं, पण बसतं. बॅटरी काढल्यावरच.