स्क्रेपर रंध्याचं पातं: नुसती धार की वळवलेली कड?
स्टॅनले ११२ पद्धतीच्या, म्हणजे जवळजवळ उभ्या पात्याने लाकूड खरवडणाऱ्या रंध्यात नुसती धार आणि सळईने आकड्यासारखी वळवलेली बारीक कड, दोन्ही चालतात. पात्याची पाठ सपाट आणि धारेचा ४५ अंशांचा उतार १०००, मग ६००० ग्रिटच्या दगडावर घासणं दोन्हीकडे सारखंच. इथे आळस केलात तर पुढचं विसरा.

नुसत्या धारेचं पातं लगेच बसतं. छिलका अगदी पातळ, पृष्ठभाग गुळगुळीत. शेवटच्या हातासाठी हेच बरं.

कड वळवली तर छिलका जाड निघतो, काम झपाट्याने उरकतं. पातं शिकंज्यात उभं धरा, कडक पोलादी सळईला तेलाचं बोट लावा. पहिला हात उताराला चिकटून, मग सळई हळूहळू आडवी करत आडव्या रेषेपासून १५ अंशांवर थांबा. दोन-तीन हात पुरे. जास्त दाबलं की कड दुमडते आणि छिलक्याऐवजी नुसता भुसा पडतो.

बसवताना रंधा सपाट फळीवर, पुढच्या टोकाखाली कागद. उतार मागे ठेवून पातं टेकवा, स्क्रू आवळा. नंतर पात्याचा कोन बदललात तर खोलीही बदलते, म्हणून पातं सैल करून पुन्हा टेकवा. कोपरे किंचित गोल करा, नाहीतर लाकडावर रेघा उठतात.

स्टॅनलेच्याच ८० क्रमांकाच्या दोन मुठींच्या स्क्रेपरच्या पातळ पात्याला मात्र कड हवीच.