हाताच्या ऑपरेशननंतर लोकर कपाटात की समोर?
कार्पल टनलच्या, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या त्रासावरच्या, ऑपरेशनमध्ये मनगटातला लिगामेंट (नसेवरचा घट्ट पट्टा) कापतात, त्यामुळे पकड पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात, मग तोवर क्रोशाचं काय करायचं?

सगळं कपाटात कोंबलं की हात शिवशिवत नाहीत, पण फोंड्याच्या पावसात दिवसभर घरात बसून जीव नुसता कासावीस होतो हो!

समोर ठेवलं तर मन रमतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रंग बघता येतात, कुणबी साडीच्या लाल चौकटींवरून पुढच्या शालीचं डिझाईन ठरवता येतं आणि ते मला फार आवडतं. धोका एकच, “एकच ओळ घालते” म्हणत सुई हातात येते आणि मनगट सुजतं.

मी म्हणेन लोकर समोरच ठेवा, सुया मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरच्यांकडे द्या, आणि बोटांचे सांगितलेले व्यायाम तेवढे चुकवू नका.