बंद डेअरीचं भंगार घेताय? माझे ४,८५,००० गेले, आधी हे वाचा

नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या दूध संघाची डेअरी कितीतरी वर्षं बंद पडलीय, संघ अवसायनात आहे, म्हणजे तो कायमचा गुंडाळायचं काम सुरू आहे आणि त्यासाठी नेमलेला अधिकारी म्हणजे अवसायक. दिवाळीनंतर ती पाडायला सुरुवात झाली. जेसीबी आला, पत्रे उतरायला लागले, आत लेबर, गेटवर वॉचमन. हे आधीच सांगतोय कारण आता जो तो मला विचारतोय की न बघता पैसे कसे दिलेस. न बघता नाही दिले! आत जाऊन, टाक्यांना चुंबक लावून, जॅकेटचा म्हणजे बाहेरच्या आवरणाचा पत्रा ठोकून बघून दिले. टाक्या अस्सल एसएस ३०४ च्याच, म्हणजे चांगल्या स्टेनलेस स्टीलच्याच आहेत, आजही तिथंच उभ्या आहेत. फक्त त्या विकणाऱ्याच्या नव्हत्या.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मला आणि मेव्हण्याला दूध संकलनासाठी दोन टाक्या हव्या होत्या, बाकीचं लोखंड जालन्याच्या मिलला आणि उरलेलं स्टील भोसरीला घालायचं असा हिशोब होता. हा विकणारा माणूस म्हणाला पाडकामाचा ठेका मशिनरीसकट माझ्याकडंय. वर्क ऑर्डर दाखवली, अवसायकाचा गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं होतं. लॉट उक्ता ३,५५,००० ला ठरला. इसार म्हणून ५१,००० फोनवरून टाकले, मग २,५०,००० आरटीजीएस, उरलेले ५४,००० गाडी भरताना द्यायचे. पुढं ऑफिसची अनामत म्हणून १,२०,००० रोख घेतले. कुणी म्हणेल लाच दिली, तर नाही, माझ्याकडच्या पावतीवर अनामत असंच लिहिलंय आणि त्याची सही आहे. शेवटी जीएसटी, ६४,०००. जीएसटी भरल्याशिवाय गेटपास निघत नाही म्हणाला. तो जीएसटी त्याच्या त्याच सेव्हिंग खात्यावर घेतला आणि बिल काही दिलं नाही. विकणारा जीएसटी घेणार तर तो बिलावरच, बिल नाही तर जीएसटी कसला. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, बघत चला.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती आठवली की अजून झोप उडते. पहिल्याच दिवशी रेफ्रिजरेशनच्या खोलीत कंडेन्सरकडं हात करून तो म्हणाला, "शेठ, या कॉइलमध्येच तीनशे किलो तांबं निघतंय, तुमचे निम्मे पैसे तिथंच सुटले." अहो, इथलं कूलिंग अमोनियावर चालायचं आणि अमोनियाच्या प्लांटमध्ये तांबं नसतं! अमोनिया आणि ओलावा मिळून तांबं, पितळ खाऊन टाकतात, म्हणून सगळी लाइन लोखंडी असते. माझे मामा डेअरीच्या कॉम्प्रेसरवर ऑपरेटर होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. ज्यानं खरंच ही मशिनरी उतरवायचा ठेका घेतलाय तो असं बोलूच शकत नाही. मी ते ऐकलं आणि माझं लक्ष शेजारच्या टाक्यांकडं होतं, तेवढ्या भावात तशा टाक्या कुठंच मिळत नव्हत्या, माझ्या जागी कुणीही असता तर टाक्यांकडंच बघितलं असतं. तरी तो क्षण काही जात नाही डोक्यातून.

जीएसटी दिल्यावर फोन बंद. गाडी घेऊन गेटवर गेलो तर खऱ्या ठेकेदाराचा मुकादम म्हणाला आमचा ठेका फक्त इमारतीचा, भिंती, पत्रे, मलबा. मशिनरीवर बँकेचा बोजा आहे, तिला हात लावायचा नाही. आणि तो माणूस? तो नुसता लेबर पुरवत होता आणि काम सोडून गेलाय. (जमिनीचा सातबारा ऑनलाइन दिसतो, इतर हक्कात जमिनीवरचा बोजा लिहिलेला असतो. तो आधी काढा, मग टाक्या बघायला जा.)

आता ऑफिसांचं ऐका. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा व्यवहार आहे, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. खोटा शिक्का मारून दुसऱ्याची मालमत्ता विकली हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? वर मलाच उलट प्रश्न, कॅश का दिली, कुणाला विचारून दिली. अवसायकाच्या कार्यालयात गेलो तर साहेब मीटिंगला. क्लार्कनं जावक रजिस्टर उघडून बघितलं आणि तोंडी सांगितलं की हा नंबर आमचा नाही, शिक्का पण आमचा नाही. मी म्हटलं एवढंच लेखी द्या. तर म्हणे वरून परवानगी लागेल. पोलीस म्हणतात तिथून लेखी आणा, ते म्हणतात पोलिसांचं पत्र आणा. दोन ऑफिसांच्या मध्ये एक रस्ता आहे फक्त! माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, तीस दिवस उलटून गेले, उत्तर नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली गेली पण तोवर खातं रिकामं झालेलं. तुम्हाला शंका आली तर त्याच तासाला १९३० ला लावा, मी दोन दिवस त्याच्या फोनची वाट बघत बसलो. आणि ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवा, कायद्यात ती सोय आहे, मी आता तेच केलंय.

याच डेअरीला आमच्या वडिलांनी दूध घातलं, शेवटची बिलं अजून थकीत आहेत. त्या प्लांटच्या नावावर आता आमचेच पैसे गेले आणि एकही अधिकारी एक ओळ लिहून द्यायला तयार नाही, याचा संताप पैशांपेक्षा जास्त आहे.

कुणी तुम्हाला वर्क ऑर्डर दाखवली तर फोटो काढून गप्प बसू नका, ज्या ऑफिसचा शिक्का आहे तिथं जाऊन जावक नंबर ताडून बघा, पैसे द्यायच्या आधी. सरकारी किंवा संघाची मशिनरी निघायची तर लिलावाची नोटीस निघते, ती मागा. अमोनियाची लाइन रिकामी केलीय का ते विचारल्याशिवाय आपल्या पोरांना तिथं कटर लावू देऊ नका, डोळे जातील.

बारामतीकडच्या एकाला हाच लॉट विकलाय असं कळलंय, त्याच्याशी बोलणं झालंय, आम्ही दोघं मिळून तक्रार देतोय. अजून कुणाला ही वर्क ऑर्डर दाखवली असेल तर तिच्यावरची तारीख बघा, रविवारची आहे. असेल तर तुमच्याच पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.