बेसबॉल संघाचे संगीत नाटक: चाचणी एकेकट्याची की गटाची?

मुलांच्या बेसबॉल संघावरील संगीत नाटकासाठी एकेकाला स्वतंत्रपणे बोलावून गाणे ऐकले, तर सूर आणि शब्दोच्चार नेमके कळतात. मात्र क्षेत्ररक्षणाला ९ खेळाडू उतरणाऱ्या या खेळात तो मुलगा इतरांशी कसा जुळवून घेईल, हे त्यातून उमगत नाही. गटचाचणीत सर्वांना गाता गाता काल्पनिक चेंडू झेलायला लावला, की कोणाची नजर खरोखर चेंडूचा माग घेते आणि कोण शेजाऱ्याकडे पाहून हात वर करतो, हे लगेच दिसते. बुजरी मुले त्यात झाकली जातात, हे खरेच. तरीही आधी गट आणि मग निवडक मुलांचे स्वतंत्र गायन हाच क्रम मला पटतो, कारण या वयात आवाज फुटतो आणि आज ऐकलेली पट्टी प्रयोगापर्यंत टिकेलच असे नाही.