लेझरने आरसे जाळायची दोन महिन्यांची इंटर्नशिप: माझा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

एमएस्सी फिजिक्सच्या उन्हाळी सुट्टीत एका लेझर लॅबमध्ये दोन महिने काढले. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, खाली रडगाणं पण आहे. टॉपिक होता लेझर डॅमेज, म्हणजे आरसे, लेन्स, विंडो यांच्यावर लेझर मारत राहायचा आणि कितीला जळतात ते बघायचं. आई म्हणाली, एवढ्या महागाच्या वस्तू जाळायला तुला बोलावलंय? हो, तसंच.

पहिला आठवडा गेटपासमध्ये गेला. दुसरा फक्त साफसफाईत, लेन्स टिश्यूवर अ‍ॅसिटोनचे दोन थेंब टाकायचे, आरशावरून एकदाच सावकाश ओढायचा आणि फेकायचा, तोच परत वापरला की गाईड सर असे बघायचे की बस. तेव्हा वैतागलो होतो, पण धुळीचा कण नाहीतर बोटाचा ठसा राहिला तर जळायला तिथूनच सुरुवात होते, आणि आपण मात्र कोटिंगच्या, म्हणजे आरशावरच्या पातळ थराच्या नावाने बोटं मोडत बसतो.

मग खरं काम. एनडी-यॅग लेझर (क्रिस्टलवर चालणारा), तरंगलांबी 1064 नॅनोमीटर म्हणजे इन्फ्रारेड, पल्स म्हणजे प्रकाशाचा एक झटका साधारण 10 नॅनोसेकंदाचा. एका एनर्जीला 10 जागा, प्रत्येक जागी एकच शॉट, आरसा जरा सरकवा, परत शॉट. बीम डोळ्याला दिसतच नाही म्हणून गॉगल कंपल्सरी. जळलं की टक्क असा बारीक आवाज आणि पांढरी ठिणगी, पहिल्यांदा मी चक्क दचकलो. नंतर नोमार्स्की मायक्रोस्कोपखाली (पृष्ठभागावरचे बारीक उंचसखल भाग यात उठून दिसतात) एकेक जागा तपासून 10 पैकी किती जळल्या ते लिहायचं, एनर्जी वाढेल तशा किती टक्के जागा जळतात याचा ग्राफ काढायचा, रेघ जिथे शून्य टक्क्याला टेकते तो थ्रेशोल्ड, म्हणजे जळायला सुरुवात होण्याची मर्यादा. ऐकायला भारी, पण दिवसभर त्या मायक्रोस्कोपवर मानेची पार वाट लागते.

साध्या काचेच्या विंडोने तर येडाच केलं. लेझर पुढून मारतोय आणि फुटतेय आधी मागची बाजू! मला वाटलं मीच उलटी लावली. तर आतून होणाऱ्या रिफ्लेक्शनमुळे मागच्या पृष्ठभागावर प्रकाशाचं विद्युत फील्ड जास्त तयार होतं म्हणे.

एक गाढवपणा माझा. बीमचा व्यास स्वतः मोजला नाही, आधीच्या पोराच्या वहीतून उचलला. फ्लुअन्समध्ये, म्हणजे दर क्षेत्रफळावर पडणाऱ्या एनर्जीत, व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे व्यास 10 टक्के चुकला की उत्तर 20 टक्क्यांच्या आसपास बोंबलतं. चार दिवसांचा डेटा कचऱ्यात. सर ओरडले नाहीत, शेजारी बसून परत मोजायला लावला. त्या एका दुपारसाठी अख्खा एक स्टार.

याचा उपयोग काय विचाराल, तर अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये (लेझरने अणू-संमीलन घडवायची प्रयोगशाळा) 192 बीम आहेत, आणि तिथे काचांवर पडलेले बारीक डाग कार्बन डायऑक्साइड लेझरने दुरुस्त करून त्या काचा परत वापरतात. 2018 च्या फिजिक्स नोबेलमध्ये जे पल्स आधी वेळेत ताणून मग अ‍ॅम्प्लिफाय करायचं तंत्र होतं, ते पण अ‍ॅम्प्लिफायर जळू नये म्हणूनच.

दीड स्टार कापला तो स्टायपेंड घरी परतल्यावर महिन्याने आला म्हणून, आणि कँटीनच्या उपम्यासाठी. आठवण म्हणून एक जळका आरसा मागितला होता, तर म्हणे त्याची स्टोअरच्या रजिस्टरला एंट्री आहे, देता येणार नाही.