बडोद्याच्या मकरपुऱ्यातलं सरकारी हायस्कूल: एका पालकाचा अभिप्राय

मुलगी दहावीला आहे. वर्गातली बरीच मुलं जीआयडीसीतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची. घरी कुणाची भोजपुरी, कुणाची ओडिया, आमची मराठी, आणि पेपर गुजरातीत. त्यामुळे नुसता निकालाचा टक्का बघून शाळेला नावं ठेवू नका. गणिताच्या बाई शाळा सुटल्यावर थांबून प्रमेयं फळ्यावर पुन्हा सोडवून घेतात. ज्याचं भाषेमुळे अडतं, त्याला हिंदीत समजावतात. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या बडोद्यात अशाच शिक्षिका हव्यात.

एक गोष्ट मात्र खटकते. गुजरात बोर्डात दहावीला गणित स्टँडर्ड (नेहमीचं) किंवा बेसिक (सोपं) घेता येतं. इथे कच्च्या मुलांना सरसकट बेसिककडे वळवतात. निकाल सुधारतो, पण पुढे गणित घ्यायचं तर मुलांना जड जातं. प्रवेशाच्या वेळीच याबद्दल स्पष्ट विचारून घ्या.